वाचनालयाची वेबसाइट करायची आहे: आधी मेनू ठरवायचा की आधी मजकूर?

कृष्णाकाठ | रविवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

आमचं गाव पलूस तालुक्यात, कृष्णेच्या अगदी काठाला. गावात 'क' वर्गाचं सार्वजनिक वाचनालय आहे. माझे वडील संध्याकाळी तिथे देवघेवीला बसायचे आणि मी त्यांच्या टेबलाखाली बसून वाचायचे. माझं वाचन तिथेच सुरू झालं.

२०१९ च्या ऑगस्टात वाचनालयात छातीएवढं पाणी आलं. खालच्या तीन फळ्यांवरची पुस्तकं गेली. त्याहून जिव्हारी लागलं ते दाखल नोंदवह्या (आलेल्या प्रत्येक पुस्तकाचं नाव आणि क्रमांक लिहायच्या वह्या) भिजल्याचं. पानापानात वर्तमानपत्र घालून, पंख्याखाली ठेवून आम्ही त्या वाळवल्या, पण शाई पसरलेली पानं आजही वाचता येत नाहीत. काय गेलं ते सांगायला आधी काय होतं ते माहीत हवं, आणि तेच आमच्या हातातून निसटलं.

आता कार्यकारी मंडळाने वेबसाइट करायचं ठरवलंय आणि काम माझ्याकडे दिलंय. एका डिझायनरने नमुना दाखवला. त्यातला मेनू असा: मुखपृष्ठ, आमच्याविषयी, अध्यक्षांचे मनोगत, सचिवांचे मनोगत, कार्यकारी मंडळ, उपक्रम, छायाचित्रे, इतर, संपर्क. पुस्तकांची यादी 'इतर'मध्ये होती. मंडळाला नमुना आवडला. मला मात्र रात्रभर झोप लागली नाही. वाचनालयात पाऊल टाकलं की समोर पुस्तकं दिसतात, आणि वेबसाइटवर ती 'इतर'मध्ये?

डिझायनर म्हणतो, मेनू पक्का करा, मग एकेका पानाचा मजकूर द्या. माझं मन म्हणतं, आधी सगळा मजकूर गोळा करावा आणि त्यावरून मेनू ठरवावा. बरोबर काय? पैसे थोडे आहेत, पण माणसं मनापासून राबणारी आहेत. असं काम कुणी केलं असेल तर सविस्तर सांगा.

---

बेदाणा | रविवार, रात्री १०:०५

ताई, आमच्या तासगावात बेदाण्याची प्रतवारी आधी होते, खोकी नंतर भरतात. माल न बघता खोक्यावर नाव छापत नाही कुणी. आधी मजकूर.

---

कोयनापार | रविवार, रात्री १०:५२

मी कराडला वेबसाइट करून देण्याचंच काम करतो, म्हणून दुसरी बाजू मांडतो. 'आधी सगळा मजकूर गोळा करू' म्हटलं की काम थांबतंच. मंडळ म्हणतं, फोटो देतो, इतिहास लिहून देतो, आणि दिवाळी जाऊन पाडवा येतो. माझी तीन कामं अशीच अडकली आहेत. त्यामुळे मी आधी मेनू ठरवतो. रिकामी पानं डोळ्यांसमोर असली की माणसं भरायला लागतात.

'इतर' या नावाचं खातं मात्र कधीही ठेवू नका. अडगळीच्या खोलीत ठेवलेली वस्तू घरच्यांनाही सापडत नाही.

---

निवृत्त ग्रंथपाल | सोमवार, सकाळी ७:१५

मी साताऱ्यात तीस वर्षं ग्रंथपाल होतो. कृष्णाकाठ ताई, तुमच्या प्रश्नातले दोन्ही पर्याय बाजूला ठेवा. मेनूच्याही आधी आणि मजकुराच्याही आधी एक काम आहे, आणि त्याला एक वही पुरते.

देवघेवीच्या टेबलावर कोरी वही ठेवा. पंधरा दिवस, जो कोणी काही विचारेल ते त्याच्याच शब्दांत लिहून काढायचं. 'मासिक आलं का?' 'नातवासाठी चित्रांचं काही आहे का?' 'अनामत किती?' 'ते लाल पुठ्ठ्याचं, शेतीवरचं.' फोनवरचे प्रश्नही लिहा. भाषा सुधारू नका. वाचक 'नियतकालिके' म्हणत नाही, 'मासिकं' म्हणतो. वही भरली की तुमचा मेनू तिच्यातच सापडेल, नावांसकट.

पुस्तकांना विषयवार क्रमांक द्यायच्या दशांश वर्गीकरणात मराठी साहित्याचा क्रमांक ८९१.४६. माझ्या सगळ्या नोकरीत एकाही वाचकाने मला ८९१.४६ मागितलं नाही. तो क्रमांक पुस्तक फळीवर जागच्या जागी राहावं म्हणून आहे, आणि त्या कामाला तो उत्तम आहे. वाचकाने मागायच्या शब्दांची मांडणी वेगळी. एका इमारतीत या दोन्ही मांडण्या सुखाने नांदतात, कारण मध्ये ग्रंथपाल बसलेला असतो. वेबसाइटवर तो नसतो. त्याची जागा तुमच्या मेनूला आणि सर्चला घ्यायची आहे.

ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली. चौथं सूत्र आहे: वाचकाचा वेळ वाचवा. तुमच्या नमुन्यातल्या प्रत्येक शब्दाला हे सूत्र लावून बघा. 'सचिवांचे मनोगत' कुणाचा वेळ वाचवतं?

---

शाळूची भाकरी | सोमवार, सकाळी ९:३०

मी आटपाडीकडची, साधी वाचक. मला दोनच गोष्टी कळल्या पाहिजेत. वाचनालय आज उघडं आहे का, आणि मला हवं ते पुस्तक आत आहे की कुणी नेलंय. एसटीने जाऊन कुलूप बघून परत आलेय मी, दोनदा.

---

अजिंक्यतारा | सोमवार, दुपारी १:२०

ग्रंथपालकाकांना मनापासून अनुमोदन. पुण्यात माझं काम हेच आहे, म्हणून थोडी भर घालतो.

माहिती सापडेल अशी लावायच्या या कामाला माहितीची वास्तुरचना म्हणतात, आणि हा शब्द खरोखर वास्तुविशारदांकडूनच आला. रिचर्ड सॉल वुर्मन हा अमेरिकन वास्तुविशारद तिथल्या वास्तुविशारदांच्या १९७६ च्या राष्ट्रीय परिषदेचा अध्यक्ष होता, तेव्हा त्याने परिषदेचा विषयच 'माहितीची वास्तुरचना' ठेवला. त्या वेळी वेबसाइट नावाची वस्तू जगात नव्हती. पुढे त्याने मांडलं की माहिती लावायच्या वाटा पाचच: स्थळाने, वर्णक्रमाने, काळाने, प्रकाराने किंवा चढत्या-उतरत्या क्रमाने. तुमच्या पुस्तकांना यातली कुठली वाट लागेल हे ग्रंथपालकाकांच्या वहीवरूनच कळेल.

वही भरत असताना दुसरं काम: जे जे आहे त्याची यादी. मजकूर लिहायचा नाही, फक्त यादी करायची. एका ओळीत एक गोष्ट, आणि तिच्यापुढे चार रकाने. ही आता कुठे आहे (वहीत, कपाटात, कुणाच्या मोबाइलमध्ये)? कोणाच्या ताब्यात आहे? किती दिवसांनी जुनी होते? ती बदलायची जबाबदारी कुणाची? शेवटचा रकाना रिकामा राहिला तर ती गोष्ट वेबसाइटवर घेऊ नका. मागच्या वर्षीची व्याख्यानमाला 'आगामी' म्हणून दिसणारं पान पाहिलं की त्या वेबसाइटवरच्या वेळापत्रकावरचाही विश्वास उडतो.

कोयनापार, तुमची अडचण खरी आहे, पण यादी करायला आठ दिवस लागतात, आठ महिने नाहीत. मजकूर येईपर्यंत काम थांबवू नये हे मान्य. यादीसाठी मात्र थांबावं.

---

कोयनापार | सोमवार, दुपारी २:०५

यादी आणि मजकूर वेगळे, हे मान्य. मी आजवर दोन्ही एकच धरत होतो. पुढच्या कामात करून बघतो.

---

वाईकर वाचक | सोमवार, रात्री ८:४५

आमच्या गावचं उदाहरण देतो. मराठी विश्वकोशाचं काम वाईत, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या प्रमुख संपादकत्वाखाली उभं राहिलं. पहिला खंड आला १९७६ साली. पण त्याच्याही आधी, १९७३ मध्ये, परिभाषेचा खंड आला होता. म्हणजे कुठल्या गोष्टीला मराठीत काय म्हणायचं हे आधी ठरलं, आणि मग नोंदी छापल्या गेल्या. शेकडो लेखक वेगवेगळ्या गावी बसून लिहिणार. एकाने एक शब्द वापरला आणि दुसऱ्याने दुसरा, तर वाचक त्या दोन नोंदी जोडणार कशा?

तुमच्याकडे लेखक पाचच असतील, पण काम तेच आहे. 'सभासद' म्हणायचं की 'सदस्य'? 'वर्गणी' की 'शुल्क'? 'अनामत' की 'ठेव'? एकदा ठरवा, कागदावर लिहा आणि भिंतीला लावा. मेनूत 'सभासद व्हा', अर्जावर 'सदस्यत्व' आणि पावतीवर 'मेंबरशिप' असलं तर नवखा माणूस या तीन वेगळ्या गोष्टी समजतो. असं होताना मी पाहिलंय.

---

बेदाणा | सोमवार, रात्री ९:१०

वाईकर, लाखातलं बोललात. सौद्यात एका प्रतीला दोन नावं पडली की भांडण ठरलेलंच.

---

तंबोरा | मंगळवार, सकाळी ११:००

मिरजेहून. माझ्या मामांचा सतार-तानपुऱ्यांचा कारखाना आहे, त्याची वेबसाइट आम्ही भावंडांनी केली. पहिल्या खेपेला कारागिरांच्या पिढ्यांप्रमाणे पानं लावली: पणजोबा, आजोबा, मामा. आम्हाला त्याचा अभिमान होता आणि आजही आहे. पण फोन यायचे ते 'जनानी तानपुरा मिळेल का', 'काळी चारला लावायचाय', 'जुन्या सतारीची जवारी काढून देता का'. आमच्या वेबसाइटवर यातल्या एकाचंही उत्तर नव्हतं.

दुसऱ्या खेपेला वाद्यांप्रमाणे लावलं आणि 'दुरुस्ती' हे स्वतंत्र पान केलं. एकेका वाद्याच्या पानावर ते कुणाच्या हातचं आहे ते लिहिलं आणि तिथून पिढ्यांच्या गोष्टीकडे वाट दिली. आता गंमत बघा, पूर्वी पणजोबांचं पान कुणी उघडत नव्हतं, आता लोक ते वाचून फोनवर त्यांच्याबद्दल विचारतात. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा तर ते पान फार उपयोगी पडलं.

तेव्हा ताई, मनोगतं फेकू नका. जागा बदला.

---

निवृत्त ग्रंथपाल | मंगळवार, दुपारी ३:३०

तंबोरा यांनी अनुभवातून जे शोधलं तेच रंगनाथनांनी १९३३ च्या द्विबिंदू वर्गीकरणात केलं. एका पुस्तकाला एकच कप्पा देण्याऐवजी त्याचे पैलू वेगवेगळे नोंदवायचे: विषय कोणता, कुठल्या प्रदेशाचा, कुठल्या काळाचा. लंडनमधल्या एका दुकानात मेकॅनोचे सुटे भाग जोडून निरनिराळी खेळणी तयार होताना पाहून त्यांना ही कल्पना सुचली. फळीवर पुस्तक एकाच जागी राहू शकतं. वेबसाइटवर तेच पुस्तक 'शेती'त दिसेल, 'आपल्या जिल्ह्यातले लेखक' यात दिसेल आणि 'मोठ्या अक्षरातली पुस्तकं' यातही दिसेल. माझ्या काळात हे हाती असतं तर किती वाचकांना रिकाम्या हाताने परत पाठवावं लागलं नसतं.

---

रानजाई | मंगळवार, संध्याकाळी ६:१५

थोडं विषयांतर. भिलारला जाऊन आलंय का कुणी? महाबळेश्वर-पाचगणीजवळचं पुस्तकांचं गाव, ४ मे २०१७ ला सुरू झालं तेव्हा पंचवीस ठिकाणी पुस्तकं ठेवली होती. एका घरात कथा, एकात कविता, एकात चरित्रं, एकात बालसाहित्य. बाहेर पाटी असते, आत घरातली माणसं असतात. गावच कपाट झालंय. मला तर ते माहितीच्या वास्तुरचनेचं सगळ्यात सुंदर उदाहरण वाटतं.

---

शाळूची भाकरी | मंगळवार, रात्री ८:००

गेले होते मी मुलीला घेऊन. सुंदरच आहे. पण मुलीला एका लेखकाचंच सगळं वाचायचं होतं, आणि त्याच्या कथा एका घरात, कादंबऱ्या दुसऱ्या घरात. चालून चालून पाय दुखले. पोरगी खूश होती ही गोष्ट वेगळी, वाटेत स्ट्रॉबेरी मिळाली.

---

रानजाई | मंगळवार, रात्री ८:२०

प्रकाराने लावलं की असं होणारच, आणि लेखकाने लावलं असतं तर कवितेची माणसं हिंडली असती. भिलारमध्ये हिंडण्यात आनंद आहे, म्हणून तिथे ते शोभतं. परीक्षेच्या आदल्या दिवशी पुस्तक शोधणाऱ्या मुलाला हिंडवू नये.

---

माणदेशी | बुधवार, सकाळी १०:१०

मी कॉलेजात वेब डिझाइन शिकतोय. आम्हाला दोन नियम सांगितलेत. मेनूत सातपेक्षा जास्त शब्द नकोत, कारण माणसाच्या डोक्यात सातच गोष्टी राहतात. आणि कुठलंही पान तीन क्लिकच्या आत मिळालं पाहिजे. तेवढं पाळलं की झालं ना?

---

अजिंक्यतारा | बुधवार, दुपारी १२:४०

माणदेशी, दोन्ही नियम फार ऐकायला मिळतात आणि दोन्ही जपून घ्यावेत. सातचा आकडा येतो जॉर्ज मिलर या मानसशास्त्रज्ञाच्या १९५६ च्या लेखातून, आणि तो लेख डोक्यात धरून ठेवायच्या गोष्टींबद्दल आहे. मेनू तर डोळ्यांसमोर असतो, तो कुणी पाठ करत नाही. एसटी स्टँडवरच्या वेळापत्रकात चाळीस ओळी असतात, तरी विट्याची गाडी सापडते, कारण ओळी क्रमाने लावलेल्या असतात आणि गावांची नावं स्पष्ट असतात.

तीन क्लिकचंही तसंच. 'मी बरोबर वाटेवर आहे' असं प्रत्येक पायरीवर वाटत राहिलं तर माणूस पाचव्या क्लिकपर्यंतही जातो. 'इतर', 'विविध', 'अधिक' असे शब्द आले की पहिल्याच पायरीवर थबकतो. क्लिक मोजण्यापेक्षा माणूस कुठे थबकतो ते बघा.

बघायचं कसं? कोऱ्या कार्डांवर तुमच्या यादीतल्या तीस-चाळीस गोष्टी लिहा, एका कार्डावर एक. वाचकाला ती टेबलावर पसरून द्या आणि म्हणा, जे एकत्र असावंसं वाटतं ते एकत्र ठेवा, मग प्रत्येक गठ्ठ्याला नाव द्या. तुम्ही काही सुचवायचं नाही. दहा-पंधरा जणांकडून करून घ्या. नंतर उलट तपासणी: ठरलेला मेनू नुसता कागदावर लिहून दाखवा आणि विचारा, 'अनामत परत मिळते का, हे कुठे बघाल?' बोट कुठे जातं ते लिहून घ्या. कॉम्प्युटर लागत नाही, पैसाही लागत नाही.

---

माणदेशी | बुधवार, दुपारी १:१५

हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. प्रोजेक्टसाठी करून बघतो. धन्यवाद दादा.

---

दूरचा मिरजकर | गुरुवार, पहाटे ४:३०

सर्चबद्दल कुणीच बोललं नाही, म्हणून लिहितो. मराठी पुस्तकांच्या यादीत सर्च नीट चालला नाही तर मेनू कितीही चांगला असो, वाचक हरतो.

पहिली गोष्ट, सगळं युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक मराठी अक्षर मराठी म्हणूनच साठवणाऱ्या पद्धतीत, टंकलेलं हवं. जुन्या फॉन्टात टंकलेली यादी पडद्यावर मराठी दिसते, पण आत इंग्रजी अक्षरं असतात. ती सर्चला सापडत नाही. स्कॅन करून चढवलेली पीडीएफही तशीच, ते नुसतं चित्र.

दुसरी गोष्ट, एकाच शब्दाची दोन रूपं. आपलंच कराड घ्या. कुणी कराड लिहितं, कुणी कऱ्हाड. आणि त्यातला ऱ सुद्धा संगणकात दोन तऱ्हांनी साठवला जातो, एक अखंड अक्षर म्हणून किंवा र खाली नुक्ता (टिंब) देऊन. डोळ्यांना दोन्ही सारखे, सर्चला वेगळे. ही सगळी रूपं एकच मानायला सर्चला शिकवावं लागतं. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका आणि मराठी-इंग्रजी आकड्यांचंही तेच. १९७२ चा दिवाळी अंक इंग्रजी आकड्यांत शोधणाऱ्यालाही मिळायला हवा.

तिसरी, वर्णक्रम. संगणक काहीही न सांगता लावायला बसला तर ळ ला ल च्या लगेच नंतर ठेवतो. आपण शाळेत तो ह च्या नंतर शिकलो. क्ष आणि ज्ञ संगणकाला जोडाक्षरं वाटतात, म्हणून 'ज्ञानेश्वरी' ज च्या शेवटी जाऊन बसते, आणि वर्णमाला पाठ असलेली आजी ती यादीच्या शेवटी शोधते. कोशांमध्येही दोन्ही पद्धती दिसतात. तुम्ही एक ठरवा आणि यादीच्या माथ्यावर लिहा.

---

कोयनापार | गुरुवार, सकाळी ९:५०

कऱ्हाडचा मुद्दा एकदम पटला, आमच्या गावाचंच दुखणं आहे ते. ताई, पुस्तकांच्या यादीसाठी कोहा नावाची मुक्त प्रणाली बघा. न्यूझीलंडमधल्या एका ग्रंथालयासाठी ती तयार झाली आणि २००० सालापासून वापरात आहे. युनिकोड चालतं आणि परवान्याचे पैसे पडत नाहीत. सर्व्हरचा खर्च आणि ती सांभाळणारा माणूस मात्र लागतो. तेवढं जमणार नसेल तर सुरुवातीला एका तक्त्यातली शोधता येणारी यादीसुद्धा पुरे.

---

वारणेचा | गुरुवार, रात्री ९:००

एक सुचवतो. मुखपृष्ठावर पुराच्या पाण्याची पातळी दाखवा. पावसाळ्यात आपल्याकडे सगळ्यांचा पहिला प्रश्न तोच असतो, सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ किती फूट झालं? ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. २०१९ ला ५७ च्या वर गेलं होतं. वेबसाइटचा गावाला खरा उपयोग होईल.

---

निवृत्त ग्रंथपाल | गुरुवार, रात्री ९:४०

वारणेचा, तुमची कळकळ समजते, तरी मी विरोध करतो. पाणी चढत असताना तासापूर्वीचा आकडा ताजा म्हणून दिसला तर माणूस चुकीचा निर्णय घेईल. आपल्याला जी माहिती क्षणोक्षणी बदलता येणार नाही ती आपण ठेवू नये. ते काम प्रशासनाचं. तिथे जायची लिंक द्या, आकडा देऊ नका.

---

वारणेचा | गुरुवार, रात्री १०:०५

काका, बरोबर आहे. पुराच्या रात्री फिरणारे जुने मेसेज आठवले. माझी सूचना मागे घेतो.

---

कृष्णाकाठ | गुरुवार, रात्री ११:२०

सगळं वाचते आहे, एकेक ओळ. सोमवारी संध्याकाळीच टेबलावर वही ठेवली. पुराच्या वेळी आम्हाला एकच सांगायचं असतं: वाचनालय बंद आहे, पुस्तकं शाळेच्या माडीवर हलवली आहेत, नेलेली पुस्तकं परत करायची घाई करू नका. एवढी पट्टी मुखपृष्ठाच्या माथ्यावर लावायची आणि पाणी उतरलं की काढायची. ही जबाबदारी मी घेते.

आणखी एक विचारते. जुनी पुस्तकं स्कॅन करून सरळ वेबसाइटवर ठेवावीत, आणि सभासदांची यादी फोननंबरसह द्यावी, असं मंडळात दोघांचं म्हणणं आहे. चालेल का?

---

अजिंक्यतारा | शुक्रवार, सकाळी ८:१५

फोननंबर अजिबात नको. सभासदाने नंबर दिला तो पुस्तक परत मागायला, जगाला दाखवायला नाही. २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदाही याच अंगाने आहे.

स्कॅनबद्दल: आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं पुस्तकावरचा हक्क (कॉपीराइट) राहतो, आणि ती वर्षं निधनाच्या पुढच्या १ जानेवारीपासून मोजतात. त्यापलीकडचं पुस्तक निर्धास्त ठेवा. अलीकडचं असेल तर नुसती नोंद द्या, पूर्ण पुस्तक नको.

---

कृष्णाकाठ | तीन आठवड्यांनी, रविवार, संध्याकाळी ७:३०

मंडळी, उशीर झाला. सगळं करून मगच लिहायचं ठरवलं होतं.

वही पंधरा दिवसांत भरली. सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न शाळूची भाकरी यांचाच: 'उघडं आहे का?' दुसरा, 'अमुक पुस्तक आहे का?' तिसऱ्याची मी कल्पनाच केली नव्हती: 'अभ्यासाला बसायला जागा आहे का?' स्पर्धा परीक्षेची मुलं. नमुन्यात अभ्यासिकेचं नावसुद्धा नव्हतं. पंधरा दिवसांत कार्यकारी मंडळाबद्दल एकानेही विचारलं नाही.

मग कार्डं मांडली. चौदा वाचक बसले. सगळ्यात लहान सातवीतली मुलगी, सगळ्यात मोठ्या ब्याऐंशी वर्षांच्या आक्का. आम्ही कार्डावर 'बालविभाग' लिहिलं होतं. मुलीने ते बाजूला सारलं आणि म्हणाली, "मी बाल नाही." तिने गठ्ठ्याला नाव दिलं 'मुलांसाठी'. आक्कांनी 'मासिकं', 'दिवाळी अंक' आणि 'वर्तमानपत्रं' एकत्र करून नाव दिलं 'बसून वाचायचं'. कारण आमच्याकडे वर्तमानपत्रं आणि ताजी मासिकं घरी देत नाहीत! इतकी वर्षं आम्ही कपाटाला 'नियतकालिके' अशी पाटी लावून बसलो होतो.

आमच्या अध्यक्षआण्णांनाही बसवलं. कागदावरचा जुना मेनू त्यांच्या हातात दिला आणि विचारलं, "आण्णा, तुम्हाला हवं ते पुस्तक यात कुठे शोधाल?" त्यांनी बोट फिरवलं, थांबले, पुन्हा फिरवलं. मग म्हणाले, "पोरी, यात मी सापडतो, पुस्तक सापडत नाही." आणि स्वतःच मनोगत काढायला सांगितलं. तंबोरा यांचा अनुभव त्यांना वाचून दाखवला. आता ते पुराच्या रात्री पुस्तकं माडीवर कशी नेली ते लिहिणार आहेत, आणि ते 'वाचनालयाची गोष्ट' या पानावर येईल.

ठरलेला मेनू: पुस्तक शोधा, बसून वाचायचं, मुलांसाठी, अभ्यासिका, सभासद व्हा, कार्यक्रम, वाचनालयाची गोष्ट. माथ्यावर वेळ आणि 'आज उघडं आहे' किंवा 'आज बंद'. ती पाटी रोज कुलूप उघडणारा मुलगाच बदलणार. उलट तपासणीत 'अनामत'साठी चौदापैकी बारा जणांचं बोट 'सभासद व्हा'वर गेलं. पत्ता आणि फोन प्रत्येक पानाच्या तळाशी. कार्यकारी मंडळाची नावं 'वाचनालयाची गोष्ट'मध्ये.

माझ्या मूळ प्रश्नाचं उत्तर मला मिळालं. आधी वही, मग यादी, मग कार्डं, मग मेनू, आणि मजकूर त्याच्या मागून, एकेक पान. कोयनापार, तुमचं म्हणणंही खरं ठरलं. रिकामी पानं दिसल्यावरच आमच्या लोकांनी लिहायला घेतलं.

आणि यादी करताना एक गोष्ट लक्षात आली. पुराच्या दिवशी जी पुस्तकं लोकांच्या घरी होती, त्यातली उंचावरच्या आणि परगावच्या घरांतली वाचली असणार. भिजलेल्या नोंदवहीतली काही पानं त्यांच्यावरून परत लिहिता येतील. म्हणून आठवं पान घेतलं: 'आमचा शिक्का असलेलं पुस्तक तुमच्या घरी आहे का?' पुस्तक परत केलंच पाहिजे असं नाही. दाखल क्रमांक आणि नाव तेवढं कळवा.

---

बेदाणा | रविवार, रात्री ८:१०

ताई, डोळ्यांत पाणी आणलंत. 'बसून वाचायचं' या नावासाठी आक्कांना माझा नमस्कार सांगा.

---

निवृत्त ग्रंथपाल | रविवार, रात्री ८:४०

आठवं पान मेनूत सर्वांत शेवटी ठेवू नका. वर्षभर तरी मुखपृष्ठावर मोठ्या अक्षरात राहू द्या. आणि येणारे क्रमांक दोन वह्यांत लिहा, दोन वेगळ्या घरांत ठेवा.

---

दूरचा मिरजकर | सोमवार, पहाटे ५:०५

ताई, माझं आजोळ तुमच्याच बाजूचं. आईच्या पेटीत एक पुस्तक आहे, पहिलं पान नाही, पण सतराव्या पानावर गोल जांभळा शिक्का आहे आणि खाली शाईने क्रमांक. गावाचं नाव अर्धं पुसलंय, शेवटचं अक्षर 'डी' दिसतं. तुमचं असेल का? शिक्का सतराव्या पानावर मारायची पद्धत होती का तुमच्याकडे?

---

कृष्णाकाठ | सोमवार, सकाळी ६:२०

होती. वडील सतराव्या पानावरच मारायचे. फोटो पाठवा, क्रमांक नीट दिसू दे.